तीन फळ्यांची पाठ: गिटारसाठी दोन रंगांची लाकडं जमवताना

वाडा पाडला, कपाट मोडलं, आजोबांच्या पलंगाची बाजू निघाली, की शिसवी फळी हाती लागते. रंग जांभळट काळा, वाळून पन्नास-साठ वर्षं झालेली, रंधा मारला की गोडसर वास. फक्त रुंदी पाच-सहा इंच. ड्रेडनॉट नावाच्या मोठ्या घाटाच्या गिटारची पाठ सर्वांत रुंद जागी सुमारे ३९७ मिमी असते. ती दोन सारख्या फळ्या मध्यावर जोडून करायची तर प्रत्येक फळी किमान आठ इंच रुंद लागते. बहुतेक हौशी लोक इथेच हात टेकतात आणि परदेशातून तयार जोडी मागवतात.

हीच अडचण अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीलाही आली होती. ब्राझिलियन रोजवूडच्या (शिसवाच्याच कुळातलं लाकूड) रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा अरुंद फळ्या वापरता याव्यात म्हणून त्यांनी १९६५ मध्ये तीन तुकड्यांच्या पाठीचं डी-३५ मॉडेल आणलं. मध्ये एक निमुळता तुकडा, दोन बाजूंना दोन फळ्या. टंचाईतून आलेली ही रचना पुढे लोकांना देखणी वाटू लागली. मधला तुकडा वेगळ्या रंगाचा घेतला, तर तीच रचना दोन लाकडांची नक्षी होते.

या लेखात मधल्या निमुळत्या तुकड्याला मी पाचर म्हणेन आणि दोन बाजूंच्या फळ्यांना पाखं, कौलारू छपराच्या उतारांना म्हणतात तशी.

आधी आवाजाची शंका मिटवू

"दोन लाकडं एकत्र केली तर आवाज बिघडेल ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा गिटार एकाच कारागिराकडून, एकाच रचनेच्या बनवून घेतल्या होत्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात होता. ब्राझिलियन रोजवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड अशी ती लाकडं. ५२ वादकांनी अंधाऱ्या खोलीत, लाकूड दिसणार नाही असे गॉगल घालून त्या वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये लाकडागणिक म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, १८६२ साली, स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसनं पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती. आवाजाचं मुख्य काम वरच्या पातळ फळीचं आहे, हे त्याला दाखवायचं होतं.

म्हणून पाठीचं लाकूड अगदीच गैरलागू, असं मी म्हणणार नाही. पण एका पाचरेनं किती फरक पडेल, याचा हिशोब सोपा आहे. ५०८ मिमी लांब, सरासरी १०० मिमी रुंद आणि २.७ मिमी जाड पाचर शिसवाची केली तर साधारण ११४ ग्रॅम भरते, सागाची केली तर ९० ग्रॅम. फरक चोवीस-पंचवीस ग्रॅमचा. तेव्हा पाचर डोळ्यांनी निवडा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण शोभा खराब होते ती आवाजामुळे नव्हे, पावसाळ्यामुळे, सँडपेपरमुळे आणि पॉलिशमुळे. त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी १: पाखं आधी, पाचर नंतर

नवखा माणूस उलटं करतो. एखादी भन्नाट नक्षीची फळी दिसते, ती मध्ये बसवायची ठरते आणि मग बाजूंचं काय करायचं यावर डोकं खाजवत बसतो. गिटारच्या बाजू, म्हणजे कंबरेतून वळणाऱ्या दोन पट्ट्या, पाखांच्याच लाकडाच्या असाव्या लागतात. नाहीतर वाद्य तीन तुकड्यांतून शिवलेल्या गोधडीसारखं दिसतं. बाजूंसाठी साधारण ८०० मिमी लांब, १२५ मिमी रुंद फळ्या लागतात. त्या २ ते २.२ मिमीपर्यंत पातळ करून, पाणी मारून, तापलेल्या नळीवर वाकवायच्या असतात. म्हणजे पाखांचं लाकूड लांब, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं आणि वाकणारं हवं. शिसव छान वाकतं. साग आणि महोगनीही समजूतदार आहेत.

पाचरेला यातली एकही अट नाही. तिला फक्त जागेवर पडून राहायचंय. लांबी जेमतेम ५२० मिमी, रुंदी साडेपाच इंच. वाकवताना हमखास मोडेल असं लाटांच्या नक्षीचं मेपल, बुरशीच्या काळ्या रेघा पडलेलं आंब्याचं लाकूड, भोवरे असलेला फणस, यांना बाजूंमध्ये जागा नसते, पण पाचरेत ती निवांत बसतात. बुरशीच्या रेघांचं लाकूड घेताना एवढंच पाहा: नख दाबलं तर खड्डा पडता कामा नये. पडला तर ते लाकूड सरपणाचं.

शिसव घेताना वखारीत एक घोळ होतो. शिसव आणि उत्तरेकडचं शिशम ही दोन वेगळी झाडं आहेत. दोन्ही रोजवूडच्याच कुळातली आणि दोन्हींची गिटार होते, पण शिशम सोनेरी तपकिरीकडे झुकतं आणि शिसव जांभळटाकडे. "शिसमच आहे साहेब" असं ऐकून मी एकदा घेतलं, आणि घरातल्या शिसवी बाजूंशेजारी ते कधीच शोभलं नाही. कोपऱ्यावर रंधा मारून, थेंबभर पाणी लावून रंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलही जपून ठेवा. ब्राझिलियन रोजवूड सोडून शिसवाचं बाकी सगळं कुळ २ जानेवारी २०१७ पासून सायटिस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेश-व्यापारावरचा करार) दुसऱ्या यादीत आहे. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्च्या फळ्यांना नाही.

पायरी २: विरोध एकाच गोष्टीत

ही माझी आवडती अट आहे, आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारीही. रंगाचा विरोध हवा असेल तर नक्षी शांत ठेवा. नक्षीचा विरोध हवा असेल तर रंग जवळचे घ्या. पाखं गडद आणि सरळ रेषांची, पाचर फिकट आणि साधी, हे जमतं. पाखं आणि पाचर दोन्ही मध्यम तपकिरी, पण पाचरेत लाटा, हेही जमतं. काळ्या-जांभळ्या रेघांची पाखं आणि मध्ये लाटालाटांचं पांढरं मेपल एकत्र आलं, की नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही.

गडद कुठे आणि फिकट कुठे, हाही प्रश्न आहे. कडा गडद असल्या की वाद्य सडपातळ दिसतं आणि मधली फिकट पाचर उजळून निघते. कडा फिकट आणि पाचर गडद केली की पाठ रुंद दिसते आणि मध्ये रस्ता गेल्यासारखा वाटतो. मोठ्या ड्रेडनॉटला मी दुसरा प्रकार करत नाही. लहान पार्लर गिटारला मात्र तो छान दिसतो.

रंगातला फरक पुरेसा आहे का, हे मोबाइलवर तपासता येतं. दोन्ही लाकडांवर स्पिरिट पुसा, म्हणजे पॉलिशनंतरचा रंग क्षणभर दिसेल, आणि लगेच फोटो काढून कृष्णधवल करा. दोन्ही एकाच राखाडी रंगाची दिसली तर लाल-पिवळ्याच्या भुलाव्यात येऊ नका. चार हातांवरून, मंद प्रकाशात ती एकच दिसणार.

दुसरी तपासणी उन्हाची. लाकडं आयुष्यभर त्याच रंगाची राहत नाहीत. पडौक आणताना भगवं-लाल असतं, काही वर्षांत तपकिरी होतं. जांभळं पर्पलहार्टही शेवटी तपकिरीकडेच जातं. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा, पुढे तांबूस होत जातो. मेपल पिवळसर पडतं. अक्रोड उलट फिकट होतं आणि चेरी गडद होते. त्यामुळे अक्रोड आणि चेरी ही जोडी मला पटत नाही, कारण दोघं वर्षागणिक एकमेकांकडे सरकतात. दोन्ही लाकडांचे चहाच्या बशीएवढे तुकडे घ्या, अर्ध्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि पंधरा दिवस उन्हात ठेवा. फॉइल काढलं की गिटार म्हातारपणी कशी दिसेल, याचा अंदाज येतो.

पायरी ३: कोण किती फुगतं ते बघा

कोकणातला जुलै आणि पुण्यातला मार्च या दोन हवांमध्ये लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यानं लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. किती हलतं, हे लाकडाच्या जातीइतकंच फळी कशी कापली आहे यावर ठरतं. टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं फळीच्या पाठीला काटकोनात उभी दिसली तर ती क्वार्टरसॉन, आडवी दिसली तर फ्लॅटसॉन. क्वार्टरसॉन फळी ढोबळमानानं निम्मीच हलते.

आकडे घालून बघू. पूर्ण ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत क्वार्टरसॉन शिसव रुंदीत सुमारे २.७ टक्के आकसतं, साग २.६ टक्के, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मोठ्या पानाचं मेपल ३.७ टक्के. तेच मेपल फ्लॅटसॉन असेल तर ७.१ टक्के. आता शिसवाची दोन पाखं प्रत्येकी १४० मिमी आणि मध्ये ११९ मिमी मेपल धरा. ओलावा चार टक्के बदलला तर दोन्ही पाखं मिळून साधारण १ मिमी हलतात. मेपलची पाचर क्वार्टरसॉन असेल तर ०.६ मिमी, फ्लॅटसॉन असेल तर १.१ मिमी. म्हणजे निम्म्याहूनही कमी रुंदीची फ्लॅटसॉन पाचर एकटी दोन्ही पाखांना भारी पडते. आतून आडव्या चिकटवलेल्या चार पट्ट्या तिला धरून ठेवतात, मग ती पावसात फुगा धरते आणि उन्हाळ्यात सांध्याशेजारी चिरते.

म्हणून पाखं आणि पाचर, दोन्ही क्वार्टरसॉन. फारच सुंदर फ्लॅटसॉन तुकडा मिळाला तर पाचर अरुंद करा, ७० मिमीपर्यंत.

या हिशोबात शिसव आणि साग एकमेकांना अगदी धरून आहेत. जुन्या दाराचा साग आणि जुन्या पलंगाचं शिसव, दोन्ही आपल्याकडचे आणि दोन्ही मुरलेले. या जोडीला परदेशी लेखांमध्ये फारसं कोणी विचारत नाही, पण मला ती मेपलपेक्षा जास्त आवडते. रंगातला फरक मध्यम असतो, सोन्याच्या दागिन्याला काळी पोत असावी तसा. साग पात्यांची धार मात्र खातो, कारण त्यात वाळूचाच अंश असतो. रंध्याचं पातं दर दहा मिनिटांनी परजायची तयारी ठेवा.

पायरी ४: पाचरेचं माप

सर्वांत खाली, शेपटीकडे, पाचर पाठीच्या रुंदीच्या तिसऱ्या भागाएवढी धरतो: ३९७ भागिले ३, म्हणजे १३२ मिमी. वर मानेकडे त्याच्या निम्मी, ६६ मिमी. पाठीची लांबी ५०८ मिमी. यात प्रत्येक सांधा मध्यरेषेशी पावणेचार अंशांचा कोन करतो. पाठ सर्वांत रुंद असते त्या जागी, शेपटीपासून साधारण १०० मिमी वर, पाचर ११९ मिमी उरते. प्रत्येक पाखाला १३९ मिमी लागतात. कडेला थोडी सूट धरून सहा इंची फळीत काम भागतं. आजोबांचा पलंग पुरला!

कागद कापून आधी पाहाच. गिटारच्या आकाराचा ब्राऊन पेपर भिंतीवर लावा, वेगळ्या रंगाच्या कागदाच्या तीन-चार मापांच्या पाचरी त्यावर लावून बघा आणि दोन दिवस तशाच राहू द्या. १३२ खाली आणि ६६ वर हे माझ्या डोळ्याला बरं वाटतं. तुमच्या डोळ्याला कदाचित १०० आणि ४० बरं वाटेल, पण मग पाखं रुंद लागतील.

पाखांच्या रेषा सांध्याला समांतर ठेवायच्या की मध्यरेषेला, हेही इथेच ठरवा. सांध्याला समांतर ठेवल्या तर रेषा दोन्हीकडे उलगडत जातात आणि सांधा स्वच्छ दिसतो. मध्यरेषेला समांतर ठेवल्या तर सांधा प्रत्येक रेघ तिरकी छाटतो आणि ते कामचुकारपणासारखं दिसतं. दोन्ही पाखं मात्र एकाच फळीची, पुस्तकाच्या पानांसारखी उघडलेली असावीत.

पायरी ५: मधली रेघ

गडद आणि फिकट लाकूड थेट एकमेकांना भिडवलं तर सांध्यातली केसाएवढी चूकही दिसते. मध्ये अर्धा-अर्धा मिमीच्या दोन व्हिनियर पट्ट्या घाला. क्रम असा: शिसव, पांढरी, काळी, मेपल. गडद लाकडाशेजारी पांढरी आणि फिकट लाकडाशेजारी काळी पट्टी आली की दोन्ही बाजूंना रेघ उठून दिसते. उलट लावली तर पट्ट्या लाकडात विरून जातात आणि केलेली मेहनत कोणाला कळत नाही. शिसव-साग जोडीला मी फक्त एक पांढरी पट्टी घालतो. काळी रंगवलेली पट्टी घेतली तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून बघा. बोळा काळा झाला तर ती वापरू नका.

पायरी ६: जोडणं

मुहूर्त कोरड्या हवेचा काढा. दोन्ही लाकडं एकाच खोलीत किमान दोन-तीन आठवडे राहू द्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर तीन-चार दिवसांनी तोला. वजन बदलायचं थांबलं की लाकूड तयार. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के असावी. पावसाळ्यात हे शक्य नसेल तर कापाकापी करा, जोडू नका.

फळ्या या वेळी ३.५ मिमी जाड असू द्या. कडा शूटिंग बोर्डवर (कड सरळ रंधायचा पाट) लांब रंध्यानं सरळ करा, दोन्ही फळ्या जोडून ट्यूबलाइटसमोर धरा. प्रकाशाची रेघ दिसली तर परत रंधा. शिसव आणि साग दोन्ही तेलकट असल्यामुळे कड रंधल्यावर तासाभरात गोंद लागला पाहिजे. ती तशीच रात्रभर ठेवलीत तर सकाळी पुन्हा एक हलका हात मारा. साधा पांढरा सुतारी गोंद इथे नको, उन्हात तापलेल्या गाडीत तो सैल पडतो आणि सांधा सरकतो. गरम सरस किंवा टाइटबाँड ओरिजिनलसारखा पिवळा गोंद चांगला.

एका वेळी एकच सांधा जोडा. क्लॅम्प नसतील तर पाटावर फळ्या ठेवून दोरीचे आडवे वेढे द्या आणि दोरीखाली लाकडी पाचरी ठोका (या पाचरी वेगळ्या, सुताराच्या). दाब बाजूनं आणि वरून, दोन्हीकडून येतो. निमुळत्या पाचरेमुळे तुकडे घसरू पाहतात, म्हणून टोकांना थांबवायला पाटावर छोटे खिळे मारून ठेवा.

सांधा बारा तासांत धरतो, पण घासायची घाई नको. पाण्याच्या गोंदानं सांध्याशेजारचं लाकूड फुगलेलं असतं. लगेच सपाट केलंत तर आठवड्यानं ते बसतं आणि सांध्यावर बारीक खाच उमटते. मी चार दिवस थांबतो. आतल्या बाजूनं दोन्ही सांध्यांवर आडव्या रेषांच्या स्प्रूसच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या. दोन तुकड्यांच्या पाठीला एक पुरते, इथे दोन लागतात.

पायरी ७: घासणं आणि पॉलिश, जिथे खरा घात होतो

शिसव सागाच्या दुपटीहून अधिक कठीण असतं. हातात नुसता सँडपेपर धरून घासलंत तर मऊ लाकूड जास्त झिजतं आणि पाचर खोलगट होते. दिवसा कळत नाही. चकचकीत पॉलिश झाल्यावर तिरप्या उजेडात पन्हळ दिसते. सँडपेपर नेहमी कडक लाकडी ठोकळ्यावर, आणि शेवटचा हात स्क्रेपरचा (खरवडायची पोलादी पट्टी). पाठ २.५ ते २.८ मिमीपर्यंत उतरवा. जाडी चारी बाजूंनी मोजत राहा.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथलीच. पडौकची पाखं, मेपलची पाचर. घासून झाल्यावर धूळ जावी म्हणून मी स्पिरिटच्या फडक्यानं पाठ पुसली. पडौकचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. एका फटक्यात पांढरी पाचर गुलाबी झाली, रंगपंचमीत सापडलेल्या सदऱ्यासारखी, आणि तो रंग मेपलच्या छिद्रांत इतका मुरला की पाव मिमी खरवडूनही पूर्ण गेला नाही. शिसवही असाच जांभळट तपकिरी रंग सोडतं, थोडा कमी.

तेव्हा धूळ पुसायची नाही, व्हॅक्यूमनं ओढायची. मग बारीक ब्रशनं फक्त फिकट लाकडावर आणि पांढऱ्या पट्टीवर, मेण काढलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन पातळ हात द्या आणि वाळू द्या. त्यानंतरच पूर्ण पाठीवर पॉलिश. फ्रेंच पॉलिश (बोळ्यानं चपडा चढवण्याची पद्धत) करत असाल तर पहिले काही हात सांध्याच्या दिशेनंच चालवा, गडद लाकडावरून फिकटाकडे बोळा ओढू नका. शिसवाची छिद्रं भरायला गडद फिलर लावतो तेव्हाही पाचरेवर आधी चपड्याचं कवच हवंच.

फुकटातला विरोध

दुसरं लाकूड आणायचंच नसेल तर शिसवाच्या कडेचं पांढरट लाकूड बघा. सुतार ते कापून टाकतो. रुंद फळी मिळाली आणि ती पुस्तकासारखी उघडून पांढऱ्या कडा मध्यावर जोडल्या, तर पाठीच्या मधोमध आपोआप एक फिकट वेडीवाकडी ज्योत उमटते. ती कुठल्याही पाचरेपेक्षा नैसर्गिक दिसते. पण त्या पांढऱ्या भागात कीड लवकर लागते. बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी घरातही आणू नका.

काही जोड्या, माझ्या मते

शिसव आणि मेपल: खात्रीची, थोडी ठरीव. शिसव आणि साग: वर सांगितलीच. शिसव आणि हेद: हेदाचा पिवळा रंग आणि बारीक पोत मेपलची जागा घेऊ शकते, फक्त पूर्ण वाळलेला हेद शोधावा लागतो. महोगनी आणि शिसवाची पाचर: लहान गिटारला उत्तम, आणि शिसव अगदी चिंचोळ्या फळीतून निघतं. तून आणि फणस: मिरजेत सतार-तंबोऱ्यांना तून वापरतात, दक्षिणेत वीणा फणसाची होते. दोन्ही वाद्यांची लाकडं, पण रंग काळानं जवळ येतात. इथे नक्षीवर भिस्त ठेवा.

पाचरेच्या लाकडाचे उरलेले दोन तुकडे जपून ठेवा. एक मानेच्या टाचेवर टोपी म्हणून बसवायचा, दुसरा खाली, जिथे दोन बाजू भेटतात तिथल्या सांध्यावर. टोपीची रुंदी पाचरेच्या वरच्या टोकाशी जुळते का, ते टाच कोरण्याआधी मोजा. मी ते दोनदा विसरलोय.